साइड लावली की पॉट का चुकतो? शाफ्ट बदलल्यावर नेम पुन्हा बसवताना

पूल खेळणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, नवा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) घेतला, बहुतेक वेळा लो-डिफ्लेक्शन, म्हणजे पार्लरच्या भाषेत ‘एलडी’. साधे पॉट, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचे बॉल, ठीक पडतात, पण व्हाइटला (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलला) उजवी किंवा डावी साइड दिली, म्हणजे मध्याच्या बाजूला मारून फिरकी दिली, की बॉल पॉकेटच्या तोंडावर आपटून बाहेर येतो. तासाभराच्या खेळात हात बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग टिप (क्यूच्या टोकाची गादी) बदलली जाते, चॉक बदलला जातो, शेवटी जुना शाफ्ट परत लावला जातो, आणि तोवर त्याच्यावरचाही नेम गेलेला असतो.

याच तक्रारीची दुसरी बाजू म्हणजे स्वतःचा एलडी क्यू घरी राहिला, पार्लरच्या स्टँडवरचा क्यू उचलला आणि साइडचे सगळे पॉट उलट्या दिशेला जायला लागले.

दोन्हींचं मूळ एकच आहे. खेळणाऱ्याच्या डोळ्यात काही बिघडलेलं नसतं, आणि शाफ्टही खराब नसतो. नेम धरताना मेंदू नकळत एक भरपाई करत असतो. ती भरपाई जुन्या शाफ्टच्या मापाची असते आणि हातात शाफ्ट मात्र दुसरा असतो. म्हणून टिप, चॉक, उभं राहण्याची पद्धत यातलं काहीही बदलण्याआधी आपला शाफ्ट किती भरपाई मागतो हे मोजून घ्या. फार तर अर्ध्या तासाचं काम आहे.

व्हाइट क्यूच्या रेषेत जात नाही

टिप व्हाइटच्या मध्यापासून बाजूला लागली की व्हाइट क्यूच्या रेषेत निघत नाही, साइडच्या उलट बाजूला थोडा सरकून निघतो. उजवी साइड दिली तर किंचित डावीकडे. हेच डिफ्लेक्शन. टिप आणि बॉल एकमेकांना साधारण एक हजारांश सेकंद टेकलेले असतात. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि फिरताना टिपला बाजूला ढकलतो. टोक हलकं असेल तर ते सहज बाजूला होतं. टोक जड असेल तर ते सहजासहजी हलत नाही, आणि मग त्याच जोराने बॉल उलटीकडे ढकलला जातो.

म्हणून महत्त्वाचं असतं ते शाफ्टच्या टोकाकडच्या वीतभर भागाचं वजन. धक्क्याची लहर त्या एक हजारांश सेकंदात शाफ्टमधून तेवढीच मागे पोचते. त्यामागचा शाफ्ट, जॉइंट (क्यूच्या दोन भागांचा सांधा), बट (मागचा भाग), पकड यांच्यापर्यंत खबर जाईस्तोवर व्हाइट निघून गेलेला असतो. क्यूचा बट बदलून किंवा जॉइंट पितळेचा करून डिफ्लेक्शन कमी झालं असं कोणी सांगितलं तर त्यावर पैसे खर्च करू नका. बटामुळे तोल बदलतो, हाताला येणारा झटका बदलतो, आणि ते सुखाचं वाटत असेल तर जरूर घ्या. पण नेमाच्या या दुखण्यावर तो इलाज नाही.

एलडी शाफ्ट बनवणारे याच टोकावर काम करतात. लाकडी शाफ्टचं टोक आतून पोकळ करायचं, फेरूल (टिपखालची छोटी नळी) आखूड आणि हलकं ठेवायचं, व्यास कमी करायचा. १९९० च्या दशकात प्रेडेटर कंपनीचा ३१४ शाफ्ट आला तेव्हापासून हा प्रकार लोकांपर्यंत पोचला, आणि २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्बन फायबरने तो गल्लीतल्या पार्लरपर्यंत आणला. रेव्हो, सिनर्जी ही कार्बन शाफ्टची नावं आज कॉलेजची मुलंही सहज घेतात. पण शून्य डिफ्लेक्शनचा शाफ्ट कोणीच बनवलेला नाही. ‘एलडी घेतला की साइड लावूनही सरळ बघून मारायचं’ हा सल्ला फार ऐकू येतो, आणि अर्ध्याअधिक तक्रारी त्यातूनच जन्मतात.

मिलिमीटरमध्ये पाहिलं तर

समजा टिपचा व्हाइटला होणारा स्पर्श मध्यापासून ९ मिलिमीटर बाजूला आहे. ही चांगली सणसणीत साइड झाली. १४ मिलिमीटरच्या पुढे मिस-क्यूचाच, म्हणजे टिप बॉलवरून घसरण्याचा, धोका असतो. नेहमीच्या १३ मिलिमीटरच्या मेपल लाकडाच्या शाफ्टवर यातून साधारण २ अंशांचं डिफ्लेक्शन येतं, बऱ्यापैकी एलडी शाफ्टवर सव्वा अंशाच्या आसपास. पाऊण अंशाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो.

आता ऑब्जेक्ट बॉल, म्हणजे जो पॉट करायचा तो, एक मीटर लांब ठेवा. तिथे पोचेपर्यंत मेपलवर व्हाइट ३५ मिलिमीटर सरकलेला असतो, एलडीवर २२. फरक १३ मिलिमीटरचा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा असतो. सरळ पॉटमध्ये व्हाइट ऑब्जेक्ट बॉलच्या मध्यापासून १३ मिलिमीटर बाजूला लागला, तर ऑब्जेक्ट बॉल रेषेपासून तब्बल १३ अंश फिरून निघतो. पॉकेट अर्ध्या मीटरवर असेल तरी बॉल पॉकेटच्या मध्यापासून ११-१२ सेंटीमीटर बाजूला जाणार. पॉकेटचं तोंडच साडेअकरा सेंटीमीटरचं. म्हणजे पॉट थोडक्यात हुकत नाही, सपशेल जातो. ‘मी नेहमीसारखंच मारलं तरी एवढा कसा चुकला?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे. नेहमीसारखं मारलं म्हणूनच चुकला.

आधी चूक कुठल्या बाजूला होते ते पाहा

पाच-सहा साइडचे पॉट मारा आणि पॉट पडला की नाही यापेक्षा व्हाइट ऑब्जेक्ट बॉलवर कुठे लागला त्याकडे लक्ष द्या. व्हाइट सतत साइडच्याच बाजूला जास्त जात असेल, म्हणजे उजवी साइड दिल्यावर हवा त्यापेक्षा उजवीकडे लागत असेल, तर तुमची भरपाई जास्त होतेय. मेपलवरून एलडीवर आलेल्यांचं हेच होतं. व्हाइट साइडच्या उलटीकडे जात असेल तर भरपाई कमी पडतेय. एलडीची सवय असून पार्लरचा क्यू हातात घेतलेल्यांचं असं होतं.

कटच्या, म्हणजे तिरक्या पॉटच्या, शॉटवर हे ओळखताना गोंधळ उडतो, कारण एकच चूक कधी थिन (बॉलला हवं त्यापेक्षा कडेला लागलेली) दिसते, कधी थिक (जास्त भरून लागलेली). बॉल डावीकडे कट करायचा आहे आणि साइड उजवी, अशा शॉटला भरपाई जास्त झाली तर बॉल थिन जातो. बॉल उजवीकडे कट करायचा आणि साइडही उजवी, तर तीच जादा भरपाई बॉल थिक घालवते. त्यामुळे ‘माझे उजवे कट थिक जातात आणि डावे थिन, म्हणजे माझी नजरच बिघडली’ असं वाटू लागतं. नजर ठीक आहे. साइड कुठली दिली होती ते आठवा, चित्र जुळून येईल.

सहा शॉटपैकी तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला जात असतील तर मात्र ही शाफ्टची गोष्ट नाही. स्ट्रोक दर वेळी वेगळा येतोय, आणि त्यावर नवा शाफ्ट घेऊन काही होणार नाही.

शाफ्टचं माप काढायचं कसं

प्रत्येक शाफ्टला एक अंतर असतं. ब्रिजचा हात, म्हणजे टेबलावर टेकून क्यूला आधार देणारा पुढचा हात, व्हाइटपासून बरोबर तेवढ्या अंतरावर ठेवून, मध्यावर धरलेला क्यू मागच्या हाताने तिरका करून साइड लावली, तर क्यूचा तिरकेपणा आणि डिफ्लेक्शन एकमेकांना खाऊन टाकतात आणि व्हाइट मूळ रेषेतच जातो. याला पिव्हट लेंग्थ म्हणतात. नेहमीच्या मेपल शाफ्टची ती २५ सेंटीमीटरच्या आसपास असते, एलडीची ३५ ते ५०. शाफ्टच्या खोक्यावर हा आकडा सहसा छापलेला नसतो, म्हणून स्वतःच काढायचा.

ऑब्जेक्ट बॉल फूट स्पॉटवर ठेवा, व्हाइट हेड स्पॉटवर (टेबलाच्या दोन टोकांकडच्या मधल्या खुणा). नऊ फुटी टेबलावर हे अंतर १२७ सेंटीमीटर भरतं. दोन्ही बॉल दर वेळी त्याच जागी यायला हवेत, त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात फाइलच्या कागदांना लावायच्या गोल चिकट रिंगा मिळतात त्या उत्तम. कापडावर चिकटवण्याआधी मार्करला (पार्लरमध्ये टेबल सांभाळणाऱ्याला) विचारा आणि काढताना नखाने खरवडू नका.

आधी साइड न देता मारा. मध्याच्या किंचित खाली, मध्यम जोरात, व्हाइट ऑब्जेक्ट बॉलला फुल लागून जागीच थांबला पाहिजे. हा स्टन सलग चार-पाच वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. तो जमत नसेल तर पुढच्या मोजमापाला काही अर्थ राहत नाही.

मग त्याच रेषेत खाली वाका, टिप मध्यावर आणा, ब्रिजचा हात टेबलावर घट्ट टेकवा. तो हात न हलवता मागचा हात बाजूला नेऊन टिप उजवीकडे आणा आणि त्याच तिरक्या रेषेत क्यू सरळ पुढे घाला. इथे बहुतेकांचा हात चुकतो. डोळ्याला मूळ रेषा दिसत असते, म्हणून स्ट्रोक करताना क्यू नकळत पुन्हा त्या रेषेकडे ओढला जातो. ओढू देऊ नका. क्यू जिकडे रोखलेला आहे तिकडेच गेला पाहिजे. क्यू शक्य तेवढा आडवा ठेवा आणि शॉट चांगल्या जोरात मारा, म्हणजे वाटेत व्हाइट वळणार नाही.

आता फक्त व्हाइटकडे पाहा. ऑब्जेक्ट बॉलला फुल लागला असेल तर तो जागीच गरगर फिरत राहील. साइडच्याच बाजूला सरकला तर तुमचा ब्रिज या शाफ्टसाठी आखूड आहे. हात थोडा मागे घ्या. उलट बाजूला सरकला तर हात पुढे घ्या. ऑब्जेक्ट बॉलवरून निष्कर्ष काढू नका, कारण व्हाइटच्या फिरकीने तो थोडा फेकला जातोच, अगदी फुल लागला तरी.

व्हाइट जागेवर फिरत राहील असं अंतर सापडलं की ब्रिजपासून व्हाइटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. पार्लरच्या क्यूवर आणि स्वतःच्या शाफ्टवर एकाच दिवशी ही चाचणी केली, तर आपण दोन शाफ्टमध्ये किती भरपाई बदलायला हवी हे डोळ्यांसमोर येतं.

एलडीचा आकडा बहुधा ४० सेंटीमीटरच्या पुढे येईल. एवढा लांब ब्रिज घेऊन कोणी खेळत नाही, आणि खेळूही नये. त्याचा अर्थ एवढाच की या शाफ्टवर साइड सगळीच्या सगळी मागचा हात फिरवून लावायची नाही. काही भाग मागच्या हाताने, काही भाग ब्रिजचा हात बाजूला सरकवून. मागचा हात जेवढा जास्त, तेवढी भरपाई जास्त. ब्रिज २५ सेंटीमीटर आणि शाफ्टचं माप ४० असेल तर साधारण निम्मं मागच्या हाताने आणि निम्मं पुढच्या हाताने हे जवळचं उत्तर आहे. तिथून सुरुवात करा आणि व्हाइटकडे बघत बघत कमीजास्त करा. काहीजण हे न करता आधी नेमाची रेषाच थोडी बदलतात आणि त्या रेषेवर साइड धरूनच खाली वाकतात. तीही पद्धत तेवढीच चांगली, पण एका शॉटला एक आणि दुसऱ्याला दुसरी असं करू नका.

साइड नसतानाही पॉट चुकायला लागले तर

ही तक्रार कमी जण करतात, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. एलडी शाफ्ट घेतल्यावर साधे, सरळ, मध्यावर मारायचे पॉटही जायला लागतात, आणि दुकानदार सांगतो की हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. तसं नाही.

प्रत्येकाचा स्ट्रोक थोडा वाकडा असतो. मागचा हात किंचित वळतो आणि मध्यावर लावायची टिप दोन-तीन मिलिमीटर बाजूला लागते. मेपल शाफ्टवर, ज्याचं पिव्हट माप आपल्या ब्रिजच्या जवळपास असतं, ही चूक आपोआप झाकली जाते. क्यू तिरका गेला, पण डिफ्लेक्शनने व्हाइटला परत रेषेवर आणलं. खेळणाऱ्याला कळतही नाही. एलडीवर हे झाकण जातं. ब्रिज २५ सेंटीमीटर, शाफ्टचं माप ४०, आणि टिप ३ मिलिमीटर चुकली, तर एक मीटरवर व्हाइट साडेचार मिलिमीटर सरकतो. ऑब्जेक्ट बॉल साडेचार अंश फिरतो, आणि पॉकेट एक मीटरवर असेल तर पॉट गेला.

अशांना मी एलडी परत करा असं सांगत नाही, पण ज्यांचा स्ट्रोक अजून बसलेला नाही त्यांनी पहिला क्यू साध्या मेपल शाफ्टचाच घ्यावा असं मात्र ठामपणे सांगतो. दुकानात पंधराव्या वर्षीच्या मुलाच्या हातात कार्बन शाफ्ट देऊन ‘याने गेम सुधारेल’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्या पैशांत वर्षभराचं टेबल मिळतं. ब्रेकच्या, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या शॉटच्या, क्यूचंही तेच. ब्रेकला हात सर्वात जास्त भरकटतो, म्हणून ब्रेकसाठी आपल्या ब्रिजएवढ्या पिव्हट मापाचा साधा शाफ्ट बरा. तिथे जास्त डिफ्लेक्शन आपल्याच बाजूने काम करतं.

हळू शॉट आणि पावसाळा

डिफ्लेक्शन जोरावर फारसं अवलंबून नसतं. पण व्हाइट वाटेत वळतो, स्वर्व्ह घेतो, ते मात्र जोरावर, क्यूच्या उतारावर आणि कापडावर अवलंबून असतं. क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो. कुशनच्या वरून यावं लागतं म्हणून मागचा हात थोडा वर असतोच. त्यामुळे साइड दिलेला व्हाइट आधी उलटीकडे सरकतो आणि मग वळून साइडच्या बाजूला परत येतो. जोरात मारलेल्या शॉटला वळायला वेळ मिळत नाही. हळू आणि लांबच्या शॉटला पूर्ण वेळ मिळतो.

मेपलवर सरकणं जास्त, म्हणून हळू शॉटला ते आणि वळणं बऱ्याचदा एकमेकांना पुरतात. एलडीवर सरकणं कमी आणि वळणं तेवढंच, त्यामुळे हळू शॉटला व्हाइट साइडच्या बाजूला जास्त जातो. तुमचे जोरातले साइडचे पॉट पडत असतील आणि हळूचे तेवढे चुकत असतील, तर शाफ्टचं माप पुन्हा काढत बसू नका. हळू शॉटला भरपाई कमी करा, साइड लावायला मागच्या हातापेक्षा पुढचा हात जास्त वापरा, आणि मागचा हात जमेल तेवढा खाली आणा. व्हाइट कुशनला चिकटलेला असेल तर क्यूचा उतार वाढणारच. तिथे साइड टाळता येत असेल तर टाळा.

मुंबई, ठाणे, कोकणपट्टी इथे जून ते सप्टेंबर कापड ओलसर होतं, पकड वाढते, व्हाइट लवकर वळतो. त्यात बॉल पुसलेले नसले की बॉलला बॉल घासून होणारी फेकही वाढते आणि सगळेच कट थिक जातात. जुलैत अचानक ‘शाफ्ट बिघडला’ असं वाटलं तर आधी एका फडक्याने बॉल पुसून पाहा. एसी नसलेल्या पार्लरमध्ये आणि नव्या कापडाच्या एसी टेबलावर एकाच शाफ्टचा नेम सारखा येत नाही.

‘एक टिप साइड’ म्हणजे किती?

आपल्याकडे शिकवताना ‘अर्धी टिप उजवी’, ‘एक टिप डावी’ असं सांगतात. १३ मिलिमीटरच्या शाफ्टवर एक टिप म्हणजे क्यूचा मध्य १३ मिलिमीटर सरकला. ११.८ च्या शाफ्टवर १२ सुद्धा नाही. स्नूकरच्या साडेनऊ मिलिमीटरच्या क्यूवर आणखी कमी. शाफ्ट बदलला आणि तुम्ही टिपच्याच मापाने मोजत राहिलात, तर साइडच बदलली. बारीक शाफ्ट जास्त स्पिन देतो ही समजूतही अशीच पसरली आहे. टिप बॉलला ज्या जागी टेकते त्यावर स्पिन ठरतो. बारीक शाफ्टने बॉलची जागा जास्त स्वच्छ दिसते, म्हणून लोक धीटपणे आणखी बाहेर मारतात आणि श्रेय शाफ्टला देतात.

यावर उपाय म्हणजे टिपऐवजी बॉलवरून मोजणं. व्हाइटचा मध्य आणि कडा यांच्यात २८ मिलिमीटर असतात. त्याच्या निम्म्यावर मिस-क्यूची हद्द. मध्यापासून त्या हद्दीपर्यंतच्या अर्ध्यावर मारा असं मोजलं की शाफ्ट कुठलाही असो, साइड तेवढीच राहते. पट्टेवाला बॉल व्हाइटच्या जागी ठेवून, पट्टा उभा करून काही शॉट मारून पाहा. टिपवरचा चॉक पट्ट्याच्या कडेपासून कुठे उमटलाय ते दिसतं. बहुतेकांना वाटतं तिथे ठसा नसतो.

टिपची गोलाईही इथेच तपासा. एक रुपयाचं नाणं टिपला लावून पाहिलं तर कड जुळायला हवी, अमेरिकेत निकेलच्या नाण्याची गोलाई म्हणतात ती साधारण तेवढीच. टिप सपाट झाली असेल तर ती बॉलला मध्यावर न टेकता कडेवर टेकते आणि लागलेली साइड दर शॉटला वेगळी निघते. फेरूल स्थानिक कारागिराकडून बदलून घेतलं असेल तर जुनं किती लांबीचं होतं ते त्याला विचारा. लांब किंवा जड फेरूल बसलं तर एलडीचं एलडीपण तिथेच संपलं, कारण वजन नेमकं टोकावर वाढलं.

स्नूकरवरून पूलकडे आलेल्यांसाठी

महाराष्ट्रात बिलियर्ड्स-स्नूकरची परंपरा पूलपेक्षा कितीतरी जुनी. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा आपल्याकडे पूलचं नाव कोणाला माहीत होतं? आजही अनेकांचा हात आधी अॅश लाकडाच्या, पितळी फेरूलच्या, नऊ-दहा मिलिमीटरच्या क्यूवर तयार होतो. असा खेळाडू १३ मिलिमीटरच्या मेपलवर आला की त्याला साइड लावलेला व्हाइट फार सरकल्यासारखा वाटतो. पितळ जड असलं तरी त्या क्यूचं टोक एकंदरीत बारीक आणि हलकं असतं. त्याच्या हाताला एलडी लवकर जमतो, आणि त्याने मेपलवर वेळ घालवण्याची गरज नाही असं माझं मत आहे. फक्त शाफ्ट घेताना टेपर, म्हणजे त्याचा निमुळतेपणा, पाहा. पूलच्या प्रो टेपरमध्ये टोकाकडची फूट-सव्वा फूट जाडी सारखीच राहते, स्नूकरचा क्यू मात्र टोकापासूनच जाड होत जातो. डोळ्यांना ती निमुळती रेषा सवयीची असेल तर कोनिकल टेपर मागा, नाहीतर महिनाभर क्यू वाकडा दिसत राहील.

जॉइंटचा धागा जुळतो का हे विकत घेण्याआधी बघा. ५/१६×१४ आणि ५/१६×१८ दिसायला जवळपास सारखे असतात, पण एकमेकांत बसत नाहीत. आणि नवा शाफ्ट घेतला की किमान पहिले काही आठवडे जुना बॅगेत ठेवू नका. दोन शाफ्ट आलटून पालटून वापरले की मेंदू दोघांच्या मधली भरपाई शिकतो, आणि ती दोघांनाही लागू पडत नाही.

उजव्या आणि डाव्या साइडचं माप वेगळं आलं तर

चाचणीत कधी कधी उजव्या साइडला ब्रिज ३० वर जुळतो आणि डाव्या साइडला ४५ वर. शाफ्ट दोन्ही बाजूंना सारखाच वागायला हवा, तेव्हा दोनपैकी काहीतरी एक आहे. शाफ्ट पाव फेरा फिरवून, वरची बाजू कडेला आणून, पुन्हा मारा. आकडे बदलले तर दोष शाफ्टमध्ये आहे. पावसाळ्यात तो वाकला असेल, टिप एका बाजूला झिजली असेल, किंवा अखंड मेपलचे तंतू एका बाजूला कडक असतील. वाकला आहे का ते नुसता शाफ्ट टेबलाच्या कापडावर लोळवून, टोक आणि कापड यांच्यातली फट उघडझाप करते का यावरून कळतं. तसं नसेल तर जॉइंटजवळ पेन्सिलीने ठिपका करा आणि खेळताना तो कायम वर ठेवा.

शाफ्ट फिरवूनही आकडे तसेच राहिले तर तुम्ही ज्याला मध्य समजता तो मध्य नाही. उजवा डोळा वरचढ असणाऱ्यांची टिप बऱ्याचदा दोन मिलिमीटर एका बाजूला असते आणि त्यांना ती मधोमध दिसते. पट्टेवाला बॉल पुन्हा घ्या, पट्टा उभा ठेवा, मध्यावर मारा आणि चॉकचा ठसा कुठे पडतो ते पाहा. मग हनुवटी क्यूवर किती डावी-उजवी ठेवली की ठसा पट्ट्याच्या मधोमध येतो ते शोधा, ती जागा पक्की करा, आणि त्यानंतरच दोन्ही साइडची चाचणी नव्याने घ्या.